नारोपंत बसले आणि चादर स्वच्छ झाली

मुलांनो, तुमच्या या आजोबाला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे. जे जन्माला आले आहेत त्यांनीच मला इतकं फसवून ठेवलंय, की पुढच्यांना फसवायला काही शिल्लकच नाही.

पण ते असो. नीट मांडी घालून बसा. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी खुर्चीत बसावं आणि मांडी घातल्यासारखं तोंड करावं. गोष्ट सुरू झाली की कुणी खोकायचं नाही. मध्ये मी खोकलो तर ते गोष्टीतलं आहे असं समजायचं.

एका जंगलात एकही हॉटेल नव्हतं. म्हणून ते जंगल बरेच दिवस सुखात होतं.

त्या जंगलात एका गुहेत नारोपंत अस्वले राहत. आडनावावरून ओळखलंच असेल तुम्ही, की ते अस्वल होते. गुहेच्या आतल्या कोपऱ्यात दगडाला एक खळगा पडला होता. नारोपंतांचे वडील त्यात झोपले, आजोबा झोपले, पणजोबा तर त्यातून उठलेच नाहीत. इतक्या पाठी घासून तो खळगा असा काही गुळगुळीत झाला होता, की नारोपंत त्यात आडवे झाले म्हणजे साच्यात मोदक बसावा तसे बसत. थंडी पडली की ते आत शिरत. पळस फुलला की बाहेर येत. मधल्या काळात जगात काय घडलं हे त्यांना कुणी विचारत नसे, आणि त्यामुळे त्यांचं कुणाशी भांडणही नसे.

त्यांच्या बायकोचं नाव सगुणाबाई. सगुणाबाईंना स्वस्थ बसवत नसे. आणि दुसरं कुणी स्वस्थ बसलेलं तर मुळीच बघवत नसे.

"सारखे नुसते बसून असता!" त्या म्हणत.

"नुसता कुठं?" नारोपंत म्हणत. "चांगला वजनानं बसतो."

हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. मीही ठेवणार आहे, पण माझा भरवसा नाही.

तर त्या सुमाराला शहरातल्या प्राण्यांना एक नवाच आजार झाला. गच्चीवरची मांजरं, बंगल्यातली कुत्री, दूधवाल्याच्या म्हशी, सगळ्यांना एकदम वाटायला लागलं की आपण निसर्गात जायला पाहिजे. निसर्गातून पळून जाऊन ज्यांच्या आजोबांनी शहरात कशीबशी जागा मिळवली, त्यांची नातवंडं आता गाठोडी बांधून निघाली. त्यांना गुहेत झोपायचं होतं. पण गुहा जरा बरी हवी. अंधार हवा, पण दिसला पाहिजे. किडे चालतील, पण लांबून ओरडणारे.

सगुणाबाईंच्या कानावर हे गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला पायानं ढोसलं.

"अहो, उठा. आजपासून आपली गुहा विश्रामगुहा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे इथं पाहुणे झोपणार. मध, गूळ, शेंगदाणे घेऊन येणार आणि झोपून जाणार."

"आणि आपण?"

"आपण यजमान. यजमान कुठं झोपतात का?"

"अगं, पण माझा खळगा..."

"खळग्यातच तर गादी घालायची आहे. 'पिढीजात शयनकुंड' असं नाव ठेवलंय मी त्याचं."

नारोपंतांचा चेहरा बघून सगुणाबाईंना जरा दया आली. त्या म्हणाल्या, "थंडी पडेपर्यंतच हो. थंडी पडली की तुमचा खळगा तुम्हाला. माझा शब्द."

शब्द मिळाला. नारोपंत गुहेसमोरच्या जांभळीखाली राहायला गेले. जन्मभर त्यांनी मुंग्या खाल्ल्या होत्या. आता मुंग्यांनी हिशेब चुकता करायला सुरुवात केली.

पाहुणे म्हटले की चादरी आल्या. सगुणाबाईंकडे दोन चादरी होत्या. जंगलात चादरी कुठून आल्या, असं ज्याला विचारावंसं वाटतंय त्यानं हात खाली घ्यावा. सहलीला आलेली माणसं विसरून गेली होती. माणसं जंगलात काय काय विसरतात, ते सांगायला लागलो तर तुमच्या आईवडिलांची मान खाली जाईल.

या चादरी धुवायचं काम धोबी पक्ष्याकडे होतं. तुम्ही पाहिला असेल तो. काळापांढरा, नदीतल्या दगडावर उभा राहून दिवसभर शेपटी वरखाली करतो. त्यानं आयुष्यात एक रुमालही धुतला नव्हता. पण त्याचं नाव धोबी. आता एवढं धडधडीत नाव असताना परीक्षा कशाला घ्यायची? मोठमोठ्या नेमणुका अशाच होतात. तो चादर नदीत सोडायचा, दगडावर उभा राहून शेपटी हलवायचा, आणि चादर वाहून जायला लागली की ओरडायचा. मग नारोपंत धावत जाऊन ती पकडायचे.

अडचण अशी होती, की जुने पाहुणे दारातून बाहेर पडायला आणि नवे दारात उभे राहायला एकच गाठ पडे. नदीवर जायचं कधी, धुवायचं कधी, वाळवायचं कधी? चादर ओली असे. तिला शेवाळाचा वास येई. एकदा तर एका म्हशीच्या उशाखालून खेकडा निघाला. खेकड्याची काही तक्रार नव्हती. म्हशीची होती.

त्या जंगलात पसंतीची एक रीत होती. पाहुणा जाताना दारावरच्या वेलीवर काजवे सोडून जाई. फार आवडलं तर पाच. बरं वाटलं तर तीन. सगुणाबाईंच्या वेलीवर दोन काजवे होते, आणि त्यातला एक पेटतच नव्हता.

तो विझलेला काजवा बघून त्यांना जेवण जाईना. शेजारच्या कपारीत घुबडीण राहायची. ती येता-जाता विचारायची, "काय गं सगुणे, वेलीला कीड लागली का?"

अशातच एक दिवस कुमुदबाई ससे राहायला आल्या.

कुमुदबाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त बाई. पांढऱ्याशुभ्र. त्यांचे कान इतके ताठ, की समोरचा आपोआप सरळ उभा राही. रात्रभर झोपल्या. पहाटे उठल्या. आणि जाताना त्यांनी काय करावं? त्यांनी चादरीची घडी घातली.

कोपऱ्याला कोपरा. काठाला काठ. वरून हात फिरवला, पायथ्याशी ठेवली आणि निघून गेल्या. पाहुण्यानं आपल्या अंथरुणा-पांघरुणाची घडी घालून जावं, असं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. तुमच्याही आईनं तुम्हाला शिकवलंय. तुम्ही घालत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता जंगलात एक नियम होता. चुरगळलेली ती वापरलेली, घडीची ती धुतलेली. हा नियम कुणी केला नव्हता, म्हणूनच सगळे पाळत.

सगुणाबाई धावतपळत आत आल्या. दारात बंगल्यातला बोका आणि त्याची नवी नवरी उभी होती, गाठोड्यासकट. सगुणाबाईंनी घडी पाहिली. त्यांना वाटलं, आज धोब्यानं वेळेवर चादर आणून ठेवली म्हणायची! त्यांनी घडी तशीच नवरीच्या हातात दिली, आणि बोकोबांना आत घेतलं.

सकाळी बोक्याची नवरी डोळे चोळत बाहेर आली. "बाई, चादर काय सुंदर हो! अंथरताना अगदी करकरीत घडी. आणि मध्ये मध्ये अशी मऊ मऊ लव. कुठल्या दुकानातली?"

ती लव कुमुदबाईंची होती. सगुणाबाईंना ते माहीत नव्हतं. त्या नुसत्या हसल्या.

बोक्यानं जाताना वेलीवर पाच काजवे सोडले. पाचही पेटलेले.

थोड्या वेळानं धोबी आला. "बाई, चादर द्या. कुमुदबाई काल गेल्या, धुवायची राहिलीच ती."

"अरे, ती तर तूच आणून ठेवलीस ना?"

"मी?" धोबी शेपटी हलवत म्हणाला. "मला काल वेळच नव्हता. दिवसभर हेच चाललं होतं."

सगुणाबाई जागच्या जागी थबकल्या. मोठा शोध लागताना चेहरा कसा होतो, पाहिलंय का? अडकलेल्या शिंकेसारखा होतो. तसा त्यांचा झाला. मग त्या हळूच नारोपंतांजवळ येऊन बसल्या.

"अहो, पाहुण्याला काय पाहिजे असतं?"

"झोप," नारोपंत म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचतच नसे.

"नाही हो. त्याला घडी मोडायची असते! पहिल्यांदा. स्वतःच्या हातानं. घडी मोडली की त्याला वाटतं, आपल्या आधी इथं कुणी नव्हतंच."

"पण सगुणा, आधी कुणीतरी होतंच की."

"ते घडीत राहतं," सगुणाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून नदीचे कष्ट संपले. दाराशी एक पाटी लागली: 'सुसंस्कृत पाहुण्यांनी चादरीची घडी घालून जावे. आपली आई बघत आहे.' पाटी वाचून उर्मटातला उर्मट कुत्रासुद्धा घडी घाली. न घातली तर आपण सुसंस्कृत नाही असं ठरायचं, आणि ते कुणाला परवडतं?

धोब्याला मात्र सगुणाबाईंनी काढलं नाही. त्याला दाराशी घडीच्या शेजारी उभं केलं. तो शेपटी हलवायचा, आणि चादर धुतलेली दिसायची. त्याच्या मते हे त्याचं पहिलंच योग्य काम होतं.

एकच उणीव होती. पाहुण्यांच्या घड्या ढिल्या पडत. रात्रभराच्या सुरकुत्या मधूनच डोकावत. शहरात अशा वेळी गादीखाली कपडे ठेवतात म्हणे. पण गादीवर तर पाहुणे.

सगुणाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. जांभळीखाली नारोपंत नुसते बसले होते. चांगले वजनानं.

"अहो," सगुणाबाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की नारोपंत घाबरले. "त्या धोंड्यावर बसता का जरा?"

दाराजवळ एक सपाट धोंडा होता. सगुणाबाईंनी त्यावर घडी ठेवली, तिच्यावर नारोपंतांना ठेवलं. ऊन कलल्यावर उठवलं. आणि मुलांनो, काय ती चादर! सुरकुती म्हणून नाही. घडीचा काठ असा, की त्यानं कांदा चिरावा.

"अगंबाई!" सगुणाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं हे माझ्या घरात होतं आणि मला ठाऊक नव्हतं."

लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं नारोपंतांकडे त्या नजरेनं पाहिलं. नारोपंतांची छाती फुगली. पुढं ते स्वतःहूनच विचारू लागले, "काही बसायचं आहे का?" कुणी पाहुणा भेटला तर म्हणायचे, "इस्त्रीचं काम आमच्याकडे असतं." खालच्या अंगाला मुंग्या यायच्या. पण निदान त्या चावणाऱ्या नव्हत्या.

कधी कधी गडबड व्हायची. एका पाहुणीला चादरीवर चिखलाचा पंजा दिसला.

"हे काय?"

"ते? ते छापकाम," सगुणाबाई म्हणाल्या. "हातानं केलेलं. एकासारखं दुसरं सापडणार नाही तुम्हाला."

पाहुणी हरखली. पुढच्या आठवड्यात तिच्या तीन मैत्रिणी आल्या आणि 'आम्हाला पंजाचीच पाहिजे' म्हणून रुसून बसल्या. मग नारोपंतांना उठवून, पाय चिखलात बुडवून, दुसऱ्या चादरीवरून चालवून आणावं लागलं.

दुसऱ्या एकाला काळा केस सापडला. सगुणाबाईंनी त्याला सांगितलं, ही यजमानांची आपुलकी आहे, वेगळं काही द्यावं लागत नाही.

हसता काय? तुमच्याकडे पाहुणे आले की सोफ्यावरचे कपडे कुठं जातात, ते मला ठाऊक आहे. मी तुमच्या आतल्या खोलीत डोकावलोय.

असे दिवस गेले. वेल काजव्यांनी लगडली. घुबडीण डोळे दिपतात म्हणून घर बदलून गेली. आणि एका सकाळी नारोपंतांच्या नाकाला गार वारा लागला. थंडी आली. त्यांची पाठ आपोआप खळग्याच्या आकाराची झाली.

"सगुणा," ते म्हणाले, "थंडी पडली बरं का."

सगुणाबाई वेलीवरचे काजवे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, राजवाड्यातून निरोप आलाय. धवलकर साहेब तपासणीला येणार."

धवलकर साहेब म्हणजे बगळे. राजाच्या निर्मळ निवास खात्याचे मुख्य. पांढरे स्वच्छ, एका पायावर उभे राहून विचार करणारे. आपली गुहा त्यांनी पास केली की तिला 'राजमान्य' पाटी लागणार होती. मग थंडीभर राजाच्या आत्याबाई, मामेसासरे आणि त्यांचे शिकारी मित्र पाळीपाळीनं तिथंच उतरणार होते.

"थंडीभर?" नारोपंतांचा आवाज चिरकला. "आणि तू दिलेला शब्द?"

"शब्द आहेच की! कुठं जातोय तो? पुढच्या थंडीला घ्या."

"आणि नापास केली तर?"

"शुभ बोला जरा! नापास झालेल्या गुहेला फार वाईट शिक्षा असते म्हणे. तिथं थंडीभर फक्त घरच्यांनीच झोपायचं. बाहेरचं कुणी नाही."

ती शिक्षा नारोपंतांनी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोळवली. मध चाटावा तशी.

ते विचार करायला बसले. बसण्याचा सराव होताच, विचाराचा नव्हता. तरी हळूहळू त्यांच्या डोक्यात एक गोष्ट जुळली. चादर नदीत जात होती तेव्हा काजवे किती? दोन. चादर नदीत जायची थांबली तेव्हा काजवे किती? पाच. म्हणजे गुहा बुडवायची असेल तर काय केलं पाहिजे?

चादर धुतली पाहिजे!

असा घातपात त्या जंगलात आजवर कुणी केला नव्हता.

तपासणीच्या सकाळी पाहुणे गेले. रिवाजाप्रमाणे आपापल्या घड्या घालून गेले. सगुणाबाईंनी एक चादर गादीवर अंथरली, दुसऱ्या चादरीची घडी धोंड्यावर ठेवली, आणि साहेबांना आणायला नदीच्या उतारापर्यंत जाऊन त्या दुपारपर्यंत वाट बघत राहिल्या. नारोपंतांनी संधी साधली. त्यांनी गादीवरची चादर उचलली, मागच्या वाटेनं ओढा गाठला, आणि रिठे घालून ती धुतली. मनापासून धुतली. आपटली, चोळली, पिळली. कुमुदबाईंची लव निघाली, बोक्याचे केस निघाले, छापकाम निघालं. पाणी इतकं काळं झालं, की खालच्या अंगाला मासे वर तोंड काढून बघायला लागले. मग त्यांनी ती करवंदीच्या जाळीवर कडक उन्हात वाळवली, तिचा बोळा केला आणि तसाच नेऊन गादीवर पसरला. घडी घातली नाही. घडीचा विचारही मनाला शिवू दिला नाही.

चादरीला उन्हाचा वास येत होता. नारोपंतांना क्षणभर वाटलं, यावर झोपायला किती छान वाटेल. मग त्यांना आठवलं, त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

इतक्यात धवलकर साहेब आले. दारात धोबी शेपटी हलवतच होता. त्याला पाहून साहेबांनी मान डोलावली. पुढं सगुणाबाई होत्या.

"अहो, तुम्ही मध्ये मध्ये नका. बसा तिकडे," त्या हळूच म्हणाल्या.

नारोपंत सवयीनं धोंड्यावर जाऊन बसले.

साहेब खळग्यापाशी गेले. त्यांनी मान वाकडी केली. चादरीवरच्या सुरकुत्यांवरून चोच फिरवली.

"ही कुणाची झोप आहे?" त्यांनी विचारलं.

सगुणाबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुणाची नाही साहेब," नारोपंत धोंड्यावरून म्हणाले. "चादर आजच धुतली. मी स्वतः. रिठे घालून."

"धुतली?" एका पायावरचे साहेब दुसऱ्या पायावर आले. "म्हणजे मळली होती!"

"होती साहेब. फारच. मासेसुद्धा बघायला आले."

"आणि हे तुम्ही आम्हाला तोंडावर सांगता?"

"चादर आहे साहेब. झोपलं की मळते. मळली की धुवायची."

"गृहस्थहो," साहेब म्हणाले, "आमच्या खात्याचं म्हणणं आहे, की जे स्वच्छ असतं ते धुवावं लागत नाही. माझ्याकडे बघा. मी दिवसभर चिखलात उभा असतो. मला कधी अंग घासताना पाहिलंत?"

"नाही साहेब."

"मग!"

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. साहेबांनी घसा खाकरला. "राजाज्ञेवरून ही गुहा नापास करण्यात येत आहे. थंडी सरेपर्यंत या गुहेत फक्त घरच्यांनीच..."

नारोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, पश्चात्ताप. तो आनंद होता, मुलांनो. घशापासून पोटापर्यंत, पोटापासून बुडापर्यंत उतरलेला आनंद. इतक्या महिन्यांनी त्यांनी अंग सैल सोडलं. सगळंच्या सगळं वजन धोंड्यावर टाकलं. आजवर ते कामावर बसले होते. आज पहिल्यांदा समाधानानं बसले.

"अहो, उठा," सगुणाबाई म्हणाल्या.

"आता कशाला उठू? आता झोपायचं."

"उठा म्हणते ना!"

ज्यांची लग्नं झालेली नाहीत त्यांना हे कळणार नाही. नारोपंत उठले.

सगुणाबाईंनी धोंड्यावरची घडी दोन्ही हातांनी उचलली आणि साहेबांपुढं धरली.

अशी घडी त्या जंगलात झाली नव्हती. समाधानाचं वजन कामाच्या वजनापेक्षा जास्त भरतं, त्याला काय करणार? चादर पानासारखी पातळ झाली होती. साहेबांनी काठावरून चोच फिरवली आणि झटकन मागं घेतली. चोचीला चरा पडला होता.

"ही कुणी धुतली?" साहेबांनी हळूच विचारलं.

"ही होय?" सगुणाबाई म्हणाल्या. "ही कुणी धुतलीच नाही साहेब."

शपथेवर सांगतो, त्या खरंच बोलल्या.

"वा!" साहेबांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले. "धुवावीच लागली नाही! याला म्हणतात घराणं. मग ती गादीवरची?"

"ते पायपुसणं. यांनी चुकून अंथरलं. यांना घरातलं काही कळत नाही."

"साहेब!" नारोपंत ओरडले. "ही चादर खरंच कुणी धुतलेली नाही हो! हिच्यावर काल रात्री एक कुत्रा झोपला होता, परवा त्याची सासू झोपली होती!"

"बाई आत्ता तेच म्हणाल्या," साहेब जरा त्रासून म्हणाले. "आपल्या चादरीचं कौतुक तुम्ही किती वेळा सांगाल?"

गुहा पास झाली. 'राजमान्य विश्रामगुहा' अशी पाटी लागली. जाताना साहेबांनी स्वतः घडी मोडून खळग्यात डुलकी काढली, आणि उठल्यावर आईच्या आठवणीनं घडी घालून गेले.

थंडीभर आत्याबाई राहिल्या. त्या गेल्या आणि मामेसासरे आले. नारोपंतांना राजवाड्यातून 'राजइस्त्री' अशी पदवी मिळाली आणि बसण्याचा हुकूमही. बसण्याचाच. आडवं व्हायची मनाई होती, कारण आडवं झालं की घडी सरकते. डोळा लागला की सगुणाबाई ढोसायच्या. "अहो, एका बाजूला कललात. आत्याबाईंचा काठ वाकडा होतोय."

धुतलेली चादर दाराशी पायपुसणं म्हणून पडली होती. जंगलातली तेवढीच एक स्वच्छ चादर. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यावर चारही पाय घसघसून पुसायचा आणि मग आत जाऊन त्या दुसरीवर झोपायचा. कुणी बघत नसलं की नारोपंत वाकून तिचा वास घ्यायचे. पहिले काही दिवस तिला उन्हाचा वास येत होता.

तात्पर्य :

इथं मी अडलो. शाळेत असताना तात्पर्य मी नेहमी शेजारच्याचं बघून लिहायचो, आणि शेजारचा माझं बघून लिहायचा. म्हणून मुलांनो, मी उठलो आणि थेट सगुणाबाईंच्या दाराशी गेलो. नारोपंत पाय मोकळे करायला गेले होते. धोंड्यावर नुसती घडी होती. चालून चालून दमलो होतो, म्हणून मी त्यावर टेकलो आणि म्हणालो, "सगुणाबाई, पोरांसाठी मी असं लिहिलंय, की जो धुतो तो आपला मळ जगाला दाखवतो, म्हणून शहाण्यानं धुऊ नये, नुसतं बसावं. बरोबर आहे का हो?"

सगुणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात कोहळा उचलण्याआधी बघतात तसं, आणि म्हणाल्या, "आजोबा, बरोबर-चूक मागाहून बघू. आता बसलाच आहात, तर जरा डावीकडे सरका. तो कोपरा राहिलाय."